माल बिघडतोय हे माणसं वेळेत सांगत नाहीत. शॉपवर मोकळं वातावरण कसं आणायचं?

अंबड_लिंकरोड विचारतात:

नमस्कार. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका ऑटो पार्टच्या मशिन शॉपची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. सीएनसी आणि व्हीएमसी (संगणकावर चालणारी कटिंगची मशिन) मिळून ११ मशिन, माणसं ३८, त्यातली १६ ठेकेदाराची. शिफ्ट दोन: ७ ते ३.३० आणि ३.३० ते १२.

रिजेक्शन कळतं ते फायनल इन्स्पेक्शनला, नाहीतर थेट कस्टमरच्या फोनवरून. ऑपरेटरला ते आधीच माहीत असतं, हे मशिनवरच्या रीडिंगवरून स्पष्ट दिसतं. सकाळच्या मीटिंगमध्ये "काही अडचण?" म्हणून विचारलं की सगळे एका सुरात "नाही साहेब, व्यवस्थित चाललंय". सूचना पेटी लावली, तर तिच्यात एकच चिठ्ठी निघाली आणि तीही कॅन्टीनच्या चहाबद्दल. वरून सांगणं एकच, टीमशी मोकळं बोला. पण मोकळं बोलायचं म्हणजे उद्या सकाळी ७ वाजता नेमकं करायचं काय?

---

सातपूर_टूलरूम:

पेटीचं राहू द्या, आधी इन्सेन्टिव्हचा कागद काढा. बऱ्याच शॉपमध्ये इन्सेन्टिव्ह नगावर असतो आणि रिजेक्शनचे नग त्यातून वजा होतात. म्हणजे तोंड उघडलं की पैसे स्वतःच्याच खिशातून जाणार. हे तसंच ठेवून तुम्ही कितीही गोड बोललात तरी फरक पडणार नाही. ऑपरेटरनं स्वतः मशिनवर बाजूला काढलेला नग वजा करू नका, पुढच्या टप्प्यावर सापडला तरच करा. रोजच्या शीटवर दोन रकाने ठेवा, ‘सांगितलेले’ आणि ‘सापडलेले’. तुमचं लक्ष दुसरा रकाना कमी होतोय का याकडे. पहिला सुरुवातीला वाढणारच, आणि हे वरच्यांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर पहिल्याच रिव्ह्यूत "नवा माणूस आला आणि रिजेक्शन वाढलं" असा अर्थ निघेल, मग तुम्ही खाली येऊन पोरांवर चढाल आणि सगळं जागच्या जागी.

एक बोअर, म्हणजे पार्टमधलं कापलेलं गोल भोक, घेऊन पाहू. २५ मिमी, एच७ (मापात किती फरक चालेल त्याचा ठरलेला दर्जा). खालची मर्यादा २५.०००, वरची २५.०२१. इन्सर्ट (टूलवरचा कापणारा, बदलता येणारा तुकडा) झिजत जातो तसा बोअर लहान होत जातो. रीडिंग २५.०१२ वरून २५.००४ वर आलं की चांगल्या ऑपरेटरला समजतं, आता इन्सर्ट फिरवायचा किंवा ऑफसेट (मशिनमध्ये भरायची मापाची दुरुस्ती) द्यायचा. तेव्हाच सांगितलं तर खर्च इन्सर्टच्या एका कडेचा. पाच-सहा नग लहान निघाल्यावर सांगितलं तरी ते रीवर्कला वाचू शकतात. पण ओरडा बसेल या भीतीनं त्यानं गुपचूप अंदाजानं जास्तीचा ऑफसेट दिला आणि बोअर २५.०३० झाला, तर नग भंगारात. काढलेलं मटेरियल परत लावता येत नाही. तुमचं भंगार किती निघतं, त्यातलं बरंचसं त्या अर्ध्या तासात कोण गप्प राहिलं यावर ठरतं.

आता माणूस नग हातात घेऊन तुमच्यासमोर उभा आहे. "कोणी केलं?" हे पहिलं वाक्य असेल तर तो उद्या येणार नाही, आणि लांबून बघणारे चौघंही येणार नाहीत. आधी "बरं झालं लगेच आलास" म्हणा. मग शेवटचं चांगलं रीडिंग किती वाजताचं? तिथपासूनचे सगळे नग लाल ट्रेमध्ये, म्हणजे संशयित मालाच्या. बिनमध्ये मिसळले असतील तर त्या बिनला टॅग. मशिन थांबलंय की चालूच आहे? एवढं झालं की स्वतः मशिनपर्यंत चालत जा, त्याला केबिनमध्ये बोलावू नका. नाव, कारण, कोणाचं चुकलं, हे सगळं माल सुरक्षित झाल्यावर.

आणि शिफ्ट संपायच्या आत त्याला सांगा पुढे काय झालं ते. "तू म्हणालास तो चक रनआउट तपासला, जॉ बदलतोय." (चक म्हणजे पार्ट पकडणारा भाग, रनआउट म्हणजे त्याचं वाकडं फिरणं, जॉ म्हणजे त्याचे जबडे.) नवे मॅनेजर नेमके इथेच कमी पडतात. ऐकून घेतात, वहीत लिहितात, आणि ज्यानं सांगितलं त्याला पुढे काहीच कळत नाही. दोनदा असं झालं की तो पुन्हा "व्यवस्थित चाललंय" म्हणायला लागतो.

"काही अडचण?" हा प्रश्नच सोडा. चारचौघांत त्याचं उत्तर ‘नाही’ हेच असतं. त्याऐवजी "तीन नंबरवर काल कोणतं माप सारखं चेक करावं लागलं?" किंवा "काल कशासाठी थांबावं लागलं? क्रेन, गेज, की मटेरियल?" असं विचारा. उत्तर वस्तूबद्दल असलं की माणूस बोलतो.

तुमच्या वेळांतही एक भोक आहे. पहिली शिफ्ट ३.३० ला सुटते, दुसरी ३.३० ला लागते, म्हणजे दोघांची गाठ पडते फक्त पंचिंग मशिनपाशी. दुसरी शिफ्ट ३.२० ते ११.५० करा. दहा मिनिटं दोघं एकाच मशिनसमोर उभे राहतात आणि ओव्हरटाइमही लागत नाही. कामाच्या वेळांची नोटीस बदलून लावा आणि बसवाल्याला सांगा. त्या दहा मिनिटांत बोलायचं ते ऑफसेट, इन्सर्टवर झालेले नग, लाल ट्रे आणि चालू कटकट, तेही मशिनसमोर उभं राहून. रजिस्टर नंतर भरलं तरी चालेल.

---

सिन्नर_पर्सोनेल:

वरचं सगळं पटलं, पण ३८ माणसांशी तुम्ही एकटे बोलणार कसे? तुमचं बोलणं शॉपवर पोचतं ते लाइन लीडरच्या तोंडून. तुम्ही म्हणाल "सांगितलं तर ओरडणार नाही" आणि रात्री १० वाजता लीडर ओरडेल. तेव्हा सुरुवात तिथून.

प्रत्येक लीडरबरोबर आठवड्यातून एकदा २० मिनिटं, वार आणि वेळ ठरलेली. प्रॉडक्शनचे आकडे त्यात आणायचे नाहीत, ते रोज होतातच. पहिली दहा मिनिटं त्याची: कोण अडलंय, कोणाला नवीन मशिन शिकायचंय, कोणात पटत नाही. पुढची पाच तुमची. उरलेल्या पाचांत मागच्या वेळी तुम्ही जे कबूल केलं होतं त्याचं काय झालं ते. ही बैठक कामाचं लोडिंग आलं म्हणून दोनदा रद्द केलीत की ती संपली असं समजा. पुढे ढकला, पण त्याच आठवड्यात घ्या.

चुकीबद्दल बोलायचं तर त्याच दिवशी, एकट्याला आणि घडलेल्या गोष्टीवर. "तू निष्काळजी आहेस" यावर तो भांडेल किंवा गप्प बसेल. "काल ५ वाजेच्या चेकचा रकाना रिकामा आहे आणि ५.३० ला माप बाहेर गेलं. तेव्हा काय चाललं होतं?" यावर तो खरं कारण सांगेल, आणि बरेचदा ते कारण असतं की एकच बोअर गेज तीन मशिनमध्ये फिरतोय. कौतुक मात्र चारचौघांत करा. तेही "छान काम" असं मोघम नको, कशाचं ते सांगून.

ठेकेदाराच्या १६ जणांचा प्रश्न वेगळा. त्यांना भीती ओरड्याची नसते, गेट बंद होण्याची असते. संध्याकाळी सुपरवायझर नाव सांगतो आणि सकाळी तो पोरगा दिसत नाही. असं एकदा घडलं की पंधरा जण वर्षभर तोंड उघडत नाहीत. ठेकेदाराच्या माणसाला शॉपवर बोलवा आणि सगळ्यांसमोर स्पष्ट सांगा, बिघाड सांगितला म्हणून कोणाला कमी करायचं नाही, कोणाला कमी करायचं असेल तर आधी माझ्याशी बोलायचं. त्यांच्यात हिंदीवाले असतील तर हे हिंदीतही सांगा, अर्धवट समजलेलं आश्वासन काही कामाचं नाही.

सुट्ट्यांचंही याच्यातच येतं. दिंडोरी-निफाडकडची पोरं असतील तर द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी आणि जानेवारीपासूनची काढणी, चैत्रात वणीची यात्रा, आणि २०२७ चा नाशिकचा सिंहस्थ. ही माणसं जाणारच. तक्ता भिंतीवर लावा, एका मशिनवरून एका वेळी किती जण सुटू शकतात ते लिहा आणि नावं त्यांनाच महिनाभर आधी भरू द्या. जिथे खरं सांगून सुट्टी मिळते तिथे फोनवर आजी वारत नाही.

कायद्याची बाजूही बघून घ्या. औद्योगिक संबंध संहिता २०२० नुसार २० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती लागते, मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येनं, जास्तीत जास्त १०. लैंगिक छळाची तक्रार मात्र शॉपच्या मीटिंगमध्ये किंवा लीडरपाशी मिटवायची नसते. त्यासाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती लागते. तिच्या सदस्यांची नावं बोर्डावर आहेत का, ते उद्याच बघा.

---

गोदाकाठ:

थोडं उलट बोलतो. मोकळेपणाच्या भरात नवे मॅनेजर नको ते बोलून बसतात. "बोनसचं मी बघतो", "तुला पर्मनंट करायला लावतो", "ओव्हरटाइम बंद होणार नाही". यातलं एकही तुमच्या हातात नाही. पुढे खोटे ठरता तुम्ही, आणि मग बोअरच्या मापाबद्दलही तुमच्यावर कोणी भरवसा ठेवत नाही.

तुमची उत्तरं तीनच प्रकारची असावीत. माहीत आहे, हे घ्या. माहीत आहे, पण आत्ता सांगता येणार नाही. माहीत नाही, शुक्रवारपर्यंत विचारून सांगतो. तिसऱ्यात वार सांगितला की शुक्रवारी उत्तर नसलं तरी "अजून उत्तर नाही" एवढं सांगायला शॉपवर जायचंच.

दिवाळीच्या आधी बोनसचा प्रश्न येणारच. कायद्यानं किमान ८.३३ टक्के, कमाल २०. पात्रता आणि हिशेबाचा पगार पर्सोनेलकडून समजून घ्या आणि त्याच्यापुढचा आकडा तुमच्या तोंडून जाऊ देऊ नका. ऑर्डर घटली असेल तर ती मात्र दाबू नका. डिस्पॅचला उभ्या गाड्या कमी झाल्या की सगळ्या शॉपला कळतं, आणि तुम्ही गप्प राहिलात तर अफवा खऱ्या बातमीपेक्षा वाईट निघते.

---

अंबड_लिंकरोड:

इन्सेन्टिव्हचा कागद पाहिला, सातपूरकर म्हणतात तसंच आहे. आणखी दोन गोष्टी. शॉपचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर लीडर खराब नगाचे फोटो ऑपरेटरच्या नावासकट टाकतात. दुसरं, सगळ्यात जुने ऑपरेटर माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे आहेत. शॉप त्यांच्याकडे बघून चालतं आणि माझ्या प्रत्येक बदलावर ते "असलं लई बघितलं" म्हणतात.

---

सातपूर_टूलरूम:

नावासकट फोटो आजच बंद करा. ती भर चौकातली बेइज्जती आहे, आणि ग्रुपवर मालकही असतील तर विचारायलाच नको. ग्रुपवर जावं ते मशिन नंबर, पार्ट नंबर, माप, वेळ आणि केलेली दुरुस्ती, एवढंच. लीडरना हा बदल आधी एकेकट्याला सांगा, ग्रुपवर टाकून सांगितलंत तर तुम्हीही तेच केलंत. शिफ्ट सुटल्यावर रात्री ग्रुपवर जाब विचारायचा नाही. मशिन बंद पडलं असेल तर फोन करा, बाकी सकाळी.

जुन्या माणसाचं म्हणाल तर त्यांना मीटिंगमध्ये जिंकायला जाऊ नका. "भाऊ" किंवा "मामा", शॉपवर जे म्हणत असतील ते म्हणा, ‘तुम्ही’ म्हणा, आणि बदल जाहीर करायच्या आधी त्यांच्या मशिनवर जाऊन विचारा: "शिफ्ट बदलताना दहा मिनिटं ठेवायची म्हणतोय. यात कुठे अडेल?" ते अडचणीच सांगतील. बस सुटेल, पंचिंगला रांग लागेल, गेज एकच आहे. त्यातल्या दोन तरी खऱ्या असतात, त्या आधी सोडवा. मग हा दहा मिनिटांचा हँडओव्हर पहिला त्यांच्याच मशिनवर चालू करा. तिथे बसला की बाकीच्यांना तुम्ही काही सांगावं लागत नाही.

तरीही ते आडवे आले, तर कारण बहुतेक वेळा असं असतं की लीडरची जागा त्यांना अपेक्षित होती आणि ती का मिळाली नाही हे कोणी कधी सांगितलेलंच नाही. ते बोलणं टाळू नका. सांगताना खरं कारण सांगा, "मॅनेजमेंटचा निर्णय" म्हणून हात वर करू नका.

---

सिन्नर_पर्सोनेल:

एक राहिलं. दुसऱ्या शिफ्टला तुम्ही आठवड्यातून एकदा तरी ९ ते १२ थांबता का? नसाल तर पेटीपेक्षा ते आधी करा. दिवसपाळीला साहेब, क्वालिटी, मेंटेनन्स सगळे हजर असतात. रात्री इन्सर्ट संपला तर स्टोअरची चावी कोणाकडे असते, तिथपासून विचारायला सुरुवात करा.