लागर आणि एल या बिअरमध्ये नक्की फरक काय?

प्रश्न: लागर, एल, स्टाउट, पिल्सनर... बिअरचे एवढे प्रकार बघून डोकं गरगरतं, फरक फक्त रंगाचा असतो का?

उत्तर १: रंगाचा नाही रे, यीस्टचा, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्म बुरशीचा! एलचं यीस्ट उबेत काम करतं, साधारण १५ ते २४ अंशांत, म्हणून फळांसारखा वास येतो. लागरचं थंडीत, सावकाश, मग चव स्वच्छ लागते. काळी लागरपण असते.

उत्तर २: पिल्सनर म्हणजे लागरच. १८४२ मध्ये बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) पिल्झेन शहरात योसेफ ग्रोल या बव्हेरियन माणसानं पहिल्यांदा बनवली, तिथलं पाणी एकदम मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, त्यात फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) आणि साझ जातीचे हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं), म्हणून ती अशी सोनेरी निघाली, मला तर हीच सगळ्यात आवडते.

उत्तर ३: स्टाउट लंडनच्या पोर्टर या गडद बिअरमधून आली, कडक पोर्टरला 'स्टाउट पोर्टर' म्हणायचे. ग्लास नाकाशी धरून बघ, भाजलेल्या बार्लीचा कॉफीसारखा वास येतो.