मदत हवी आहे: एचआरव्ही बायोफीडबॅक करतेय पण आकडा खाली चाललाय आणि चिडचिड वाढलीये

कोरा_कागद
इथे कुणी एचआरव्ही (हृदयाच्या ठोक्यांमधल्या वेळेतला चढउतार) बायोफीडबॅक, म्हणजे तो स्क्रीनवर बघत संथ श्वास घ्यायचा सराव, नीट मन लावून केलाय का? मी बरेच आठवडे रोज करतेय, ॲपमधला गोळा मोठा झाला की श्वास आत, लहान झाला की बाहेर, अगदी सांगितलंय तसंच. आकडा वाढायला हवा ना? माझा आधी ३५-४० च्या घरात असायचा, आता २५ च्या आसपास आलाय. वर सेशन संपलं की डोकं हलकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात आणि मग घरातल्यांवर उगाच खेकसते. अस्वस्थपणा कमी व्हावा म्हणून हे सुरू केलं आणि झालंय उलटंच. प्लीज धीर धरा असं कुणी सांगू नका, तो धरून झालाय. नेमकं काय चुकतंय ते सांगा.

डोंगरवाट
आकडा म्हणजे कुठला? सेशन चालू असताना दिसतो तो की सकाळी उठल्यावर दिसतो तो? मोजतंय काय, मनगटावरचं घड्याळ की छातीचा पट्टा? मिनिटाला किती श्वास? काही गोळ्या चालू आहेत का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार.

पारिजात
माझं ऐका, ते ॲप बंद करा आणि रोज सकाळी कपालभाती करा. मला तर पहिल्यापासून फरक जाणवला, मन एकदम मोकळं होतं. मशीन लावून श्वास घ्यायची गरजच काय?

तिरकी_रेघ
पारिजात, तुम्हाला बरं वाटत असेल ते खरंच आहे पण कपालभातीत श्वास झपाझप चालतो, इथे हवंय त्याच्या बरोबर उलट. श्वास आत घेताना ठोके जरा जलद होतात आणि सोडताना संथ. शिवाय रक्तदाब सांभाळणारी बॅरोरिफ्लेक्स नावाची यंत्रणा आहे, तिची स्वतःची लाट साधारण १० सेकंदांची असते. श्वासही १० सेकंदांचा केला, म्हणजे मिनिटाला ६, की या दोन लाटा जुळतात आणि ठोक्यांमधला चढउतार खूप मोठा होतो. सगळं बायोफीडबॅक त्यावर उभं आहे. आणि ज्या बाईला आधीच मुंग्या येताहेत तिला जलद श्वास घ्यायला सांगू नका हो.

पारिजात
मी अनुभव सांगितला, भांडायला आले नाही. ज्याला पटेल त्याने घ्यावा.

कोरा_कागद
घड्याळ. सकाळचा आकडा. श्वास ६. सेशनमधला ग्राफ छान डोंगरासारखा येतो, त्यात काही प्रॉब्लेम नाही, म्हणून तर कळत नाहीये.

वेगवान_पाय
आकडा खाली असेल त्या दिवशी हेवी ट्रेनिंग करू नका, हलकं जॉगिंग किंवा सरळ विश्रांती. मी त्यावरच माझा सगळा आठवडा आखतो आणि दुखापती कमी झाल्यात. तुम्ही कुठला प्लॅन फॉलो करताय?

कोरा_कागद
मी धावत नाही!

डोंगरवाट
मग आता जरा कळलं. सेशनमधली मोठी लाट आणि सकाळचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संथ श्वासाने लाट त्या वेळेपुरती मोठी होते, ती जवळपास सगळ्यांचीच होते. सकाळचा आकडा मात्र झोप, ताप, दारू, पाळी, आदल्या दिवशीचा थकवा, औषधं, सगळ्याने हलतो. बायोफीडबॅकने माणसाला बरं वाटायला लागतं आणि सकाळचा आकडा तिथेच राहतो असंही होतं, त्यामुळे त्यावरून पास-नापास ठरवू नका. मधे घड्याळ बदललंत का? ॲपल वॉच एसडीएनएन दाखवतं, बाकीची बरीच घड्याळं आरएमएसएसडी, एचआरव्ही मोजायच्या या दोन वेगळ्या पद्धती आहेत, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघायचेच नाहीत. आणि गोळ्यांचं उत्तर राहिलं.

संथ_लाट
डोकं हलकं होणं आणि मुंग्या हे जास्त श्वास घेतल्याचं लक्षण आहे. वेग ६ च असला तरी प्रत्येक श्वास छाती फुगवून घेतला तर कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर बाहेर पडतो, त्यानेच हे सगळं होतं, आणि घाबरट, चिडखोर वाटणं पण त्यातूनच येऊ शकतं. ॲप सांगतं "खोल श्वास घ्या" आणि लोक जीव खाऊन घेतात. संथ घ्यायचा, मोठा नाही. नाकाने, पोटातून, नेहमीएवढाच. ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर असं करून बघा आणि बाहेर सोडताना ढकलू नका. चक्कर आली तर थांबून नेहमीसारखा श्वास घ्या.

अजून एक म्हणजे ६ हा काही सगळ्यांचा आकडा नाही. मोठ्या माणसांचा स्वतःचा वेग साधारण ४.५ ते ६.५ च्या मधे कुठेतरी असतो, उंच माणसांचा जरा कमी. प्रत्येक वेगावर दोन-दोन मिनिटं बसून बघायचं, जिथे लाट सगळ्यात मोठी आणि गुळगुळीत येते आणि श्वासही जड जात नाही तो आपला. आणि ग्राफकडे टक लावून बसू नका, मला त्याने परीक्षेला बसल्यासारखं व्हायचं, मी स्क्रीन पालथी ठेवायला लागल्यावर फरक पडला.

सरळ_सोट
एक विचारू का, अस्वस्थपणा कशाचा आहे त्याचं काय? कारण तसंच ठेवून श्वास मोजत बसण्यापेक्षा समुपदेशकाशी बोला. या बायोफीडबॅकचा गवगवा फार झालाय, अभ्यास छोटे छोटे आहेत.

तिरकी_रेघ
छोटे आहेत हे मान्य. पण २०१७ मध्ये २४ अभ्यास एकत्र करून बघितले होते, ४८४ लोक होते, आणि ताण नि चिंता यांवर परिणाम चांगला मोठा दिसला. गवगवा म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

सरळ_सोट
२४ अभ्यासांत ४८४ म्हणजे एकेका अभ्यासात सरासरी २० माणसं. आणि नुसतं रोज शांत बसल्याने काय फरक पडतो हे त्यातून वेगळं कसं काढणार? करू नका म्हणत नाहीये मी, फक्त यालाच उपचार समजू नका. बोलणं आणि हे दोन्ही चालू शकतं.

कोरा_कागद
समुपदेशन चालूच आहे, तिथूनच हे सुचवलं गेलं. घड्याळ तेच आहे. गोळ्या अर्धशिशीसाठी, ॲमिट्रिप्टिलिन, रात्री एक, साधारण याच सुमारास सुरू झाली. पण ती डोकेदुखीची आहे, हृदयाची नाही, म्हणून लिहिलं नव्हतं.

डोंगरवाट
अहो ताई, हेच तर विचारत होतो! ती ट्रायसायक्लिक गटातली गोळी आहे आणि या गटातल्या गोळ्यांनी एचआरव्ही खाली येतो, हे माहितीतलं आहे. व्हेगस नर्व्ह, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे येणारी नस, हृदयाला "हळू" म्हणून सांगते ते ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनामार्फत, आणि या गोळ्या नेमकं तेच अडवतात. तुमचा आकडा त्यानेच उतरला असं मी इथे बसून छातीठोक सांगू शकत नाही, पण वेळ जुळतेय. गोळी मनाने बंद करू नका, अर्धी पण करू नका. ज्यांनी दिली त्यांना आकडा, डोकं हलकं होणं, चिडचिड सगळं सांगा. ठोका चुकल्यासारखं, छातीत दुखणं किंवा भोवळ येऊन पडणं असं काही असेल तर वाट न बघता दाखवा.

कोरा_कागद
तसं काही नाही. डॉक्टरांना उद्याच फोन करते. संध्याकाळी ४-६ करून बघितलं, छोटे श्वास, स्क्रीन पालथी. मुंग्या नाही आल्या. पण मग सकाळचा आकडा बघायचाच नाही का? सवय झालीये, डोळे उघडले की आधी तेच.

संथ_लाट
काही दिवस घड्याळात तो दाखवणंच बंद करा. त्याऐवजी रात्री दोन ओळी लिहा, आज कशाने भडकले आणि शांत व्हायला किती वेळ लागला. हे करायला लागलात ते त्यासाठीच ना.

पारिजात
माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, परीक्षेच्या आधी फार घाबरतो. त्याला हे ६ चं शिकवलं तर चालेल का?

तिरकी_रेघ
६ वर अडकवू नका त्याला, मुलांचा वेग मोठ्यांपेक्षा जास्त असतो, त्याला सहज जमेल तेवढाच संथ ठेवा आणि खेळ म्हणून घ्या. आणि वेगळा धागा काढा ना, तिथे सविस्तर लिहितो.