इलेक्ट्रिक गिटार पारखताना: सेटिंगचा दोष कुठला आणि बांधणीचा कुठला?

पाचवा_फ्रेट

वापरलेली इलेक्ट्रिक गिटार बघतोय. २५.५ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), बोल्टने जोडलेला नेक (दांडी), २२ फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), ब्रिजपाशी (तारा बॉडीवर टेकतात तिथे) हंबकर, म्हणजे दोन कॉईलचा पिकअप, आणि पुढे दोन सिंगल कॉईल. पिकअप म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग. १०-४६ च्या, म्हणजे ०.०१० ते ०.०४६ इंच जाडीच्या तारा आहेत. दिसायला ठीक आहे, पण हाताला जड जाते आणि बॉडीकडच्या फ्रेटवर बेंड घेतला (तार बाजूला ओढून स्वर चढवला) की स्वर मरतो. विकणाऱ्याचं म्हणणं, "सेटअप केला की होईल."

हे वाक्य कधी खरं मानायचं? फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), मिमीची पट्टी, कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), ट्यूनर, मल्टीमीटर एवढं जवळ आहे. कुठल्या क्रमाने काय तपासू, आणि काय दिसलं की सरळ नाही म्हणायचं?

खुंटी

क्रम असा ठेवा: आधी गिटार नीट सुरात लावा, मग रिलीफ, मग नट (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी), मग ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची), आणि फ्रेट सगळ्यात शेवटी. उलटं गेलात तर वाकलेल्या नेकचं पाप फ्रेटच्या माथी जातं.

रिलीफ म्हणजे नेकला दिलेला हलका अंतर्वक्र बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, जाडी ई (सर्वांत जाड तार) १७ व्या फ्रेटवर दाबा आणि ८ व्या फ्रेटचा माथा व तार यांतली फट मोजा. ०.२ ते ०.३ मिमी हवी. गेज हाताशी नसेल तर १० च्या सेटमधल्या पहिल्या तारेचा तुकडा घ्या. ती ०.२५ मिमी जाड असते, फटीत जेमतेम सरकली म्हणजे झालं. फट ०.५ च्या वर असेल तर नेक पुढे ओढला गेलाय. फटच नसेल तर मागे वाकलाय, आणि मग पहिल्या चार-पाच फ्रेटवर तंबोऱ्याला शोभणारी जवारी ऐकू येते, जी इथे नकोय.

दोन्ही दोष ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या, बाक बदलणाऱ्या सळईने) जातात, पण रॉड जिवंत असला तर. म्हणून मालकाला विचारून पाव फेरी फिरवून बघाच. घड्याळाच्या दिशेने घट्ट केला की बाक कमी होतो. आधीच शेवटपर्यंत पिळलेला असेल, पाना घसरत असेल किंवा फिरवूनही फटीत फरक पडत नसेल, तर तिथेच थांबा. माझ्या मते गिटार नाकारायचं हे पहिल्या क्रमांकाचं कारण.

नटसाठी प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बोटाने टिचकी मारा. केसाएवढी हालचाल आणि बारीक 'टिक' आवाज आला की खाच बरोबर. तार फ्रेटला टेकलेलीच असेल तर खाच खोल गेलीय, नट बदलावा लागेल. फट ०.२ मिमीपेक्षा जास्त दिसली तर खाच उथळ आहे: पहिल्या पोझिशनचे कॉर्ड बोटं दुखवतात आणि पहिल्या-दुसऱ्या फ्रेटचे स्वर चढे येतात. पुष्कळ जण याला इंटोनेशनचा (ब्रिजपाशी ठरणाऱ्या तारेच्या लांबीमुळे स्वर बेसूर येण्याचा) दोष समजून ब्रिजशी झगडत बसतात.

ॲक्शन १२ व्या फ्रेटवर मोजायची, तार कुठेही न दाबता. जाड्या ईला १.६ ते २ मिमी, बारीक ईला १.३ ते १.६. आकडा जास्त आला तर घाबरू नका, सॅडलचे (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याचे) स्क्रू बघा. बारावा फ्रेट बरोब्बर निम्म्या लांबीवर असतो, त्यामुळे सॅडल १ मिमी उतरवलं की तिथली उंची ०.५ मिमीने उतरते. तेवढी जागा खाली आहे का? सॅडल तळाला टेकलेलं असून ॲक्शन २.५ असेल तर नेकचा कोनच चुकलाय. बोल्टच्या नेकखाली पातळ पट्टी घालून तो सुधारता येतो. चिकटवलेल्या नेकला ते काम महागात जातं, तिथे सरळ नाही म्हणा.

जाडी_ई

मोजमापाआधी नुसत्या डोळ्यांनी पाच मिनिटं द्या. बॉडीच्या टोकाकडून नेकवर नजर टाका: शेवटच्या फ्रेटची रेष आणि नटची रेष समांतर दिसली पाहिजे. एक कललेली असेल तर नेकला पीळ बसलाय. बाक रॉड काढतो, पीळ नाही काढत.

मग दोन्ही टोकांच्या तारा १२ व्या फ्रेटवर कडेपासून सारख्या अंतरावर आहेत का ते बघा. बारीक ई कडेला आली असेल तर व्हायब्रेटो करताना ती फ्रेटवरून खाली निसटते. बोल्टच्या नेकला उपाय सोपा: तारा सैल करून चारही बोल्ट अर्धी फेरी ढिले करा, नेक हलकेच ओढून रेषेत आणा, पुन्हा आवळा. नेकच्या खाचेत बाजूला कागद जाण्याएवढी फट दिसली म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. नेकचा तळ घट्ट टेकलाय का, एवढंच महत्त्वाचं.

हेडस्टॉक (नेकचं खुंट्या असलेलं टोक) मागे कललेला असेल तर नटच्या मागची बाजू उजेडात तिरपी धरून बघा. ट्रस रॉडसाठी कोरल्यामुळे लाकूड तिथेच सर्वांत कमी उरतं, आणि गिटार पडली की तिथेच मोडते. पॉलिशमधली केसासारखी तिरकस रेघ नखाला लागली तर तडा समजा. एका ओळीत सरळ आरपार गेलेली, दोन्ही बाजूंना सारखी दिसणारी रेघ मात्र बहुधा जोडाची असते. हेडस्टॉक वेगळ्या तुकड्याचा जोडणं ही चांगलीच पद्धत आहे, तिला दोष समजू नका.

फ्रेटची टोकं हाताला टोचली तर लाकूड कोरडं पडून आक्रसलंय. कानशीने तासभरात काम होतं. त्यावरून गिटार नाकारू नका, पण नवी गिटार अशी असेल तर कारखान्याने हात आखडता घेतलाय एवढं नक्की.

बॉडीच्या लाकडावर लोक तासन्‌तास वाद घालतात. इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजात पिकअप, त्यांची उंची आणि तारा यांचा वाटा फार मोठा, लाकडाचा त्यामानाने थोडा. लाकूड बघायचं ते वेगळ्या कारणासाठी: मागचं झाकण उघडा आणि स्क्रूची भोकं बघा. भुसा भरलेल्या फळीत ब्रिजचे आणि पट्ट्याच्या बटणाचे स्क्रू कालांतराने ढिले होतात. आणि पट्टा लावून उभं राहून हात सोडा. हेडस्टॉक जमिनीकडे झुकला तर रोज डाव्या हाताने तो उचलून धरावा लागेल. यावर कुठलाच पाना चालत नाही.

सोल्डर

झाकण उघडलंच आहे तर माझंही ऐका. ॲम्पला जोडून पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा भाग) हळू फिरवा. करकर आली तर कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो. एका जागी आवाज गायब होऊन पुढे परत येत असेल तर आतला मार्ग झिजलाय, पॉट बदला. जॅकमधली पिन हलवली की आवाज तुटतो? आतली पात वाकवा, नाहीतर जॅक बदला. दोन्ही किरकोळ.

सिंगल कॉईलची घरघर हा दोष नाही. तारांना हात लावल्यावर घरघर कमी झाली पाहिजे. काहीच फरक पडला नाही तर ब्रिजकडे जाणारी अर्थची वायर तुटलीय. ॲक्टिव्ह पिकअप असतील तर हा नियम लावू नका, तिथे बऱ्याचदा ती वायर मुद्दामच जोडलेली नसते.

मल्टीमीटर आहे म्हणता, तर झाकण न उघडताही पिकअप तपासता येतात. जॅकमध्ये केबल घाला, व्हॉल्यूम पूर्ण वर, दुसऱ्या टोकावर रेझिस्टन्स मोजा. सिंगल कॉईल साधारण ५.५ ते ७ किलोओम, जुन्या पद्धतीचे हंबकर ७.५ ते ९, जास्त वेढ्यांचे १४-१६ पर्यंत. हंबकरचा आकडा अपेक्षेच्या निम्मा आला तर एक कॉईल बंद आहे किंवा कुठल्यातरी स्विचने ती वेगळी केलीय. आणि २५० किंवा ५०० च्या आसपास आला, तर कॉईल तुटलेली आहे, मीटर नुसता व्हॉल्यूमचा पॉट मोजतोय.

नेककडचा सिंगल कॉईल तारेच्या फार जवळ असेल तर त्याचं चुंबक जाड्या तारांना ओढतं. बॉडीकडचे स्वर लाटेसारखे डुलतात आणि ट्यूनरचा काटा ठरत नाही. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअपमध्ये निदान २.५ मिमी ठेवा, मगच इंटोनेशन तपासा.

पाचवा_फ्रेट

मोजून आलो.

रिलीफ ०.५५. नट: तिसरी तार सोडून बाकी 'टिक' करतात, तिसरीची फट ०.३ आणि तिचा पहिला फ्रेट १५ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा, बारावा बरोबर. ॲक्शन जाडी २.४, बारीक २.१. सॅडलचे स्क्रू मध्यावर, म्हणजे खाली जागा आहे. पीळ नाही, तडा नाही. पहिल्या दोन तारांवर १५ ते १८ फ्रेटमध्ये बेंड मरतो. ब्रिजचा हंबकर ८.१, मधला ५.९, नेकचा २४८ किलोओम.

सोल्डर

नेकचा पिकअप गेला. वायर कॉईलच्या बाहेरच्या टोकाशी तुटली असेल तर जोडता येते, आत तुटली असेल तर बदलावा लागेल. किंमत ठरवताना तो मेलेलाच धरा.

खुंटी

बेंडबद्दल आताच निकाल देऊ नका. एवढ्या बाकाने बॉडीकडचे फ्रेट चढणीसारखे उभे राहतात, त्यामुळे ॲक्शन उंच असूनही तार त्यांवर आपटते. आधी रॉडने फट ०.२५ वर आणा, दर पाव फेरीनंतर पुन्हा सुरात लावून मोजा. मग सॅडल उतरवून ॲक्शन १.७ आणि १.५ करा आणि तेच बेंड पुन्हा घ्या.

तरीही मेले तर बँकेच्या कार्डाची कड तारांच्या मधून फ्रेटवर उभी ठेवा. एका वेळी ती तीनच फ्रेटवर टेकली पाहिजे. नटकडे लांब कड चालते, मध्ये आखूड, १४ च्या पुढे कार्ड कापून छोटा तुकडा करा. झुललं तर मधला फ्रेट उंच. एकच फ्रेट उंच असेल तर काम छोटं. १५ पासून २२ पर्यंत सगळेच उंच असतील तर नेकचं टोक वर उचललं गेलंय, मग पूर्ण लेव्हलिंग (सगळे फ्रेट घासून एका पातळीत आणणं) लागतं आणि फ्रेटची उंची त्यात जाते. नवा फ्रेट १.१ ते १.४ मिमी उंच असतो. इथे ०.८ च्या खाली उरले असतील तर लेव्हलिंगला काही शिल्लकच नाही, ते सगळे बदलायचं काम आहे.

पाचवा_फ्रेट

रॉड लोण्यासारखा फिरला. पाव फेरीला ०.३५, आणखी जरा दिल्यावर ०.२५. ॲक्शन तुम्ही सांगितली तेवढी केली. आता १५, १६ आणि १८ चे बेंड मोकळे सुटतात, फक्त १७ चा मरतो. कार्ड १८ व्यावर झुलतं. बाकी कुठे नाही. फ्रेट १.१ आहेत.

खुंटी

मग १८ वा उठलाय. लाकडी काठीच्या टोकाने तो दाबा आणि कार्ड परत ठेवा. दाबल्यावर बसत असेल तर खाचेत सैल झालाय: पातळ सुपरग्लूचा एक थेंब, वरून लाकडाचा ठोकळा ठेवून क्लॅम्प. बसत नसेल तर तेवढाच घासून माथा पुन्हा गोल करून घ्यायचा.

तिसऱ्या तारेची खाच ०.५ मिमीच्या कानशीने उतरवा, तार स्वतः ०.४३ ची आहे. कानस हेडस्टॉककडे कललेली धरा म्हणजे तार नटच्या पुढच्या कडेवरच टेकेल, नाहीतर ती सतारीसारखी वाजेल. दोन-दोन घाव, मग तिसऱ्या फ्रेटवर दाबून टिचकी. एक घाव जास्त झाला की नट फुकट.

रॉड चालतोय, सॅडलला जागा आहे, पीळ नाही. यावेळी विकणारा खरं बोलत होता, फक्त पिकअप सोडून. तेवढे पैसे कमी करून घ्यायला हरकत नाही. रिलीफ मात्र उद्या पुन्हा मोजा. रॉड फिरवल्यावर लाकूड रात्रभर सरकत राहतं, सकाळी ०.२ च्या खाली गेलेलं दिसलं तर अष्टमांश फेरी मागे घ्या.