शर्यतीच्या घोड्याचा लळा लागलेल्या शेळीबाबत सल्ला हवा आहे

नमस्कार.

सातारा तालुक्यात लिंबजवळ आमची शेती आहे. माझ्या काकांची भागीदारी असलेला शर्यतीचा एक घोडा तेथे विश्रांतीसाठी आणलेला आहे. पुण्याच्या गेल्या हंगामात त्याच्या पुढच्या पायाचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) दुखावला. या भागाला रक्तपुरवठा मुळातच कमी असल्यामुळे तो भरून यायला नऊ महिने ते वर्ष लागते, आणि तोवर घोड्याला आधी तबेल्यात बंदिस्त ठेवून, मग हाताने धरून चालवून, पुढे हळूहळू दुडक्या चालीवर आणावे लागते. कळपात राहणाऱ्या या जनावराला एकटेपणा सोसेना. तो अर्ध्या दारापाशी उभा राहून एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत तासन्‌तास डुलत असे, आणि ज्या पायाला विश्रांती द्यायची त्यालाच त्यामुळे ताण बसे.

माझ्या मुलीने बाटलीने दूध पाजून वाढवलेली ठमी नावाची उस्मानाबादी जातीची पाट (तरुण शेळी) याच सुमारास त्याच्या तबेल्यात जाऊ लागली. तिला तेथे कोणी मुद्दाम बांधले नव्हते. आता ती रात्री त्याच्या पायांशी बसून रवंथ करते, त्याच्या शेपटीचे केस चघळते (शेपूट बरीच विरळ झाली आहे, काकांना ते अजिबात आवडलेले नाही), आणि घोड्याचे डुलणे जवळजवळ थांबले आहे.

अडचण अशी की मे महिन्याच्या अखेरीस घोडा पुण्याला प्रशिक्षकांकडे परत जाणार आहे. मोतद्दार त्याला चालवायला बाहेर काढतो तेवढ्या वेळातही ठमी घसा बसेपर्यंत ओरडते, दारावरून उडी मारू पाहते आणि समोरच्या लसूणघासाला तोंड लावत नाही. घरातील वडीलधाऱ्यांच्या मते चार दिवसांत ती सारे विसरेल. मला ते पटत नाही, कारण हा प्रश्न एकट्या शेळीचा नाही. अमेरिकेतील सीबिस्किट या गाजलेल्या घोड्याला सोबत म्हणून प्रशिक्षक टॉम स्मिथ यांनी प्रथम शेळीच दिली होती. ती त्याने दातांत धरून तबेल्याबाहेर भिरकावली. पुढे पम्पकिन नावाचा घोडा, एक कुत्रा आणि एक माकड यांच्या संगतीत तो शांत झाला, आणि १९३८ साली त्याने वॉर ॲडमिरलला हरवले. सोबती कोण हे शेवटी घोडाच ठरवतो. आमच्या घोड्याने आपला सोबती निवडलेला असताना ती जोडी मोडणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

ठमीला त्याच्याबरोबर पाठवावे का, आणि पाठवता आले नाही तर दोघांना एकमेकांपासून कसे सोडवावे, याबद्दल अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

मी पशुवैद्यक आहे. शेळी बरोबर पाठवण्यास प्रशिक्षकांची आणि शर्यती भरवणाऱ्या क्लबची परवानगी लागेल, तेव्हा ती आधी लेखी घ्यावी. परवानगी मिळाल्यास पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा विषाणूजन्य रोग) आणि आंत्रविषार (आतड्यांतील विषबाधेचा रोग) या दोन्हींच्या लसी प्रवासापूर्वी निदान दोन-तीन आठवडे द्याव्यात. शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय पुण्याच्या वाटेवरच आहे, तेथे तिची तपासणीही करून घेता येईल.

चाऱ्याबाबत मात्र दोन्ही बाजूंनी सावध राहावे. घोड्याचे ओट्स आणि हरभरा शेळीने पोटभर खाल्ले तर पोटात आम्ल वाढून ती दगावू शकते, म्हणून घोड्याची गव्हाण तिच्या तोंडाच्या आवाक्याबाहेर हवी. त्याहून गंभीर धोका उलट दिशेने आहे. कोंबड्यांच्या आणि काही ठिकाणी गुरांच्या तयार खाद्यात मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते. शेळीला चालणारी त्याची मात्रा घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी करून त्याचा जीव घेऊ शकते, त्यामुळे असे खाद्य त्या तबेल्यात येताच कामा नये.

परवानगी मिळाली नाही तर घोडा जाण्याची वाट न पाहता आजच दुसरी शेळी आणावी. सुरुवातीला तिघांना एकत्र ठेवून मग घोड्याचा बाहेरचा वेळ रोज थोडा थोडा वाढवावा. घोडा गेल्यावर ठमी नुसती ओरडत असेल तर घाबरू नये, पण दिवसभरात तिने रवंथ केला नाही तर डॉक्टरांना बोलवावे. घोड्यासाठी पुण्यातील तबेल्यात न फुटणारा ॲक्रिलिकचा आरसा लावता येईल का, हेही प्रशिक्षकांना विचारावे. इंग्लंडमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आरशामुळे घोड्यांचे डुलणे बरेच कमी झाल्याचे आढळले होते.

धागाकर्ता:

मनःपूर्वक आभार. मोनेन्सिनची माहिती आम्हाला कोणालाच नव्हती. शेजारच्या पोल्ट्रीतील खाद्याची पोती आमच्याच पडवीत ठेवलेली असतात, ती आजच हलवतो. प्रशिक्षकांना उद्या पत्र देत आहे. दुसरी शेळी आणायची झाल्यास पाट घ्यावी की खच्ची केलेला बोकड चालेल?

प्रतिसाद:

दोन्ही चालतील, मात्र ते ठमीच्याच अंगाबांध्याचे असावे, नाहीतर टकरा घेताना ती मार खाईल. नवे जनावर पहिले दोन-तीन आठवडे वेगळे बांधावे आणि जंत व खरूज तपासून मगच तबेल्यात सोडावे.