मदत हवी: सुपरझूम की डीएसएलआर? शनिवारपर्यंत ठरवायचं आहे

खाडीकाठ
मंडळी, नमस्कार. निकॉन पी९५० (न बदलता येणाऱ्या लांब झूमचा, म्हणजे सुपरझूम) घ्यावा की डीएसएलआर (आरशाचा, लेन्स बदलता येणारा)? बजेट साठ हजार, ओढूनताणून पासष्ट. चुलतभाऊ शनिवारी पुण्याहून निघतोय, येताना घेऊन येईल. जितके व्हिडिओ बघतोय तितका गोंधळ वाढतोय. कृपया एका वाक्यात सांगा, कुठला?

निवटी
एका वाक्यात कसं सांगणार? फोटो कशाचे, किती अंतरावरून, दिवसाच्या कुठल्या वेळी, आणि पुढे त्यांचं काय करणार? एवढं कळल्याशिवाय कुणी उत्तर दिलं तर ते त्याच्या स्वतःच्या गरजेचं असेल.

सुरूबन
डीएसएलआर. पी९५०चा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, साधारण ६.२ गुणिले ४.६ मिमी, निकॉनच्या साध्या डीएसएलआर डी३५००चा २३.५ गुणिले १५.६. क्षेत्रफळात तेरा पट फरक पडतो. सकाळी उजाडताना आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० केलात की छोट्या सेन्सरवर पिसांचा तपशील पुसला जातो, डीएसएलआरवर ३२००लाही फोटो वापरण्याजोगा निघतो. वापरलेला डी३५०० आणि एएफ-पी ७०-३०० व्हीआर लेन्स (७० ते ३०० मिमी झूम) बघा. दोन्ही मिळून वजनही पी९५०पेक्षा कमी भरतं. तो एकटाच किलोभर आहे.

खाडीकाठ
फोटो पक्ष्यांचेच हो, खाडीवर दुसरं काय असणार. आणि मगरी.

कातळसडा
मगरी म्हणजे वाशिष्ठीच्या बाजूला असाल. मग सुरूबनांचा हिशोब अर्धाच आहे. ३५ मिमी फिल्मच्या मापाने ३०० मिमीची लेन्स डी३५००वर ४५० इतकी भरते, पी९५० जातो २०००पर्यंत. पलीकडच्या काठावरचा खंड्या पी९५०च्या चौकटीत जेवढा दिसतो, तेवढा ४५०वरून कापून काढलात तर २४ मेगापिक्सेलमधले जेमतेम सव्वा मेगापिक्सेल उरतात. तेरा पट सेन्सरचा बाकीचा भाग नुसतं पाणी टिपत बसतो.
आणि प्रकाश सेन्सरच्या आधी भिंगातून येतो. पूर्ण झूमला पी९५०चं खरं फोकल लेंग्थ ३५७ मिमी, छिद्र एफ ६.५, म्हणजे आत येणाऱ्या प्रकाशाचं तोंड ५५ मिमी. ३०० मिमीला एफ ६.३ म्हणजे ४८ मिमी. लांबच्या पक्ष्यापुरतं बोलायचं तर पी९५० अजिबात मागे नाही.

सुरूबन
बसलेल्या पक्ष्यापुरतं मान्य. उडणाऱ्याचं काय? सुरय पाण्यावर सूर मारतो तेव्हा सुपरझूमचा फोकस चकाकत्या पाण्यावर पुढे-मागे होत राहतो, आणि इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र दिसेपर्यंत पक्षी चौकटीबाहेर. डीएसएलआरच्या आरशातून थेट दिसतं. बॅटरीचं पण बघा. कंपनीच्याच आकड्यांनुसार डी३५०० एका चार्जवर साधारण १५५० फोटो देतो, पी९५० २९०.

वरचीआळी
डीएसएलआर आता कोण घेतं? निकॉनच्या डी३५०० आणि डी५६०० दोन्हींचं उत्पादन बंद झालंय. मिररलेस (आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) घ्या.

निवटी
वरचीआळी, मिररलेसला तेवढ्या पल्ल्याची लेन्स जोडून पासष्ट हजारांत बसवून दाखवा, मग बोलू.

पंचमी
ट्रायपॉड कार्बन फायबरचाच घ्या. ॲल्युमिनियमच्या पायांना खारं पाणी लागलं की सांध्यात पांढरी पूड धरते. वापर झाला की पाय पूर्ण उघडायचे, आतली रेती गोड्या पाण्याने धुवायची आणि उघडेच वाळवायचे.

खाडीकाठ
ट्रायपॉड कुठे लावू, होडीत? आमचं होमस्टे आहे, पाहुण्यांना मशीनच्या होडीतून फिरवतो. कॅमेरा त्यांच्या हातात द्यायचा, घरी जाताना फोटो मोबाइलवर टाकून द्यायचे. त्यातलाच एखादा चांगला रस्त्यावरच्या सहा फुटी फ्लेक्सला.

निवटी
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर एव्हाना ठरलं असतं! हाताळणारा दर खेपेला वेगळा आणि तोही होडीत, म्हणजे लेन्स बदलणं नको. पी९५० घ्या. कमी किमतीत जुना पी९०० दाखवतील, तो घेऊ नका. त्यात रॉ फाइल (नंतर सुधारता येणारी सेन्सरची कच्ची नोंद) निघत नाही. फ्लेक्सची काळजी सोडा. १६ मेगापिक्सेलचा फोटो ४६०८ पिक्सेल रुंद असतो, सहा फुटांवर इंचाला ६४ पिक्सेल पडतात. रस्त्यावरून बघायला भरपूर झाले.

आता होडीचं. नुसतं चालू ठेवलेलं इंजिनही फळीतून थरथर चढवतं आणि कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन (हादरे सावरणारी सोय) ती पूर्ण मारू शकत नाही. इंजिन बंद करून होडी वाहू द्या. मोड एस (शटरचा वेग आपण ठरवायचा), शटर निदान १/१००० सेकंद, ऑटो आयएसओ, वरची मर्यादा ८००. पाहुण्यांना १२००च्या पुढे झूम करू देऊ नका, कारण २०००वर होडी जरा हलली की मगर चौकटीतून जाते. गेलीच तर लेन्सच्या बाजूला स्नॅप-बॅक बटण आहे. दाबून धरलं की झूम मागे येतो, मगर सापडली की सोडायचं, झूम पुन्हा होता तिथे जातो. हे एक बटण प्रत्येकाला आधी शिकवा.

काळ्या चिखलावरचा बगळा पांढराफट्ट उडतो, त्याला एक्स्पोजर उणे ०.७, म्हणजे फोटो जरा काळोखा. मगरी ओहोटीला चिखलावर ऊन खात पडतात, पण चिखल तापला की हवा लहरते आणि लांबचा फोटो विरघळल्यासारखा येतो. तो दोष कॅमेऱ्याचा नव्हे. सकाळची ओहोटी धरा किंवा होडी जवळ न्या, पण मगर पाण्यात घुसेल इतकी नको.

सुरूबन
पाहुण्यांसाठी असेल तर ठीक. पण सुपरझूमची नळी बाहेर येते तेव्हा हवा आत ओढते, तिच्याबरोबर खारा दमट वाराही. रेतीचा कण मोटरमध्ये अडकला की लेन्स-एरर येते आणि दुरुस्तीचा खर्च मोठा असतो. डीएसएलआरच्या सेन्सरवर धूळ बसली तर निदान पुसता येते.

खाडीकाठ
तेच विचारणार होतो. पावसाळ्यात कपाटात भिंतीसुद्धा घाम गाळतात. तांदळाच्या डब्यात ठेवला तर चालेल?

कातळसडा
तांदूळ नको, त्याची पूड नळीत जाते. रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल अर्धा किलो आणि छोटा डिजिटल आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. बराच काळ साठच्या वर राहिला तर भिंगावर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात, आणि एकदा भिंगावरचा लेप खाल्ला गेला की पुसून जात नाही. सिलिका केशरी दाण्यांचं घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर तास-दोन तास ठेवून पुन्हा वापरायचे. कॅमेऱ्याबरोबर चामड्याचं कव्हर मिळालं तर डब्यात घालू नका, बुरशी आधी त्यालाच लागते.

पंचमी
होडीतून उतरल्यावर कॅमेरा कोरड्या फडक्याने घासायचा नाही, मिठाचे कण ओरखडे काढतात. गोड्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने आधी टिपायचा, मग कोरड्याने. पुढच्या काचेसाठी ६७ मिमीचा यूव्ही फिल्टर आजच मागवा; फुटला, खरवडला तर तेवढाच बदलायचा.

खाडीकाठ
पी९५०, फिल्टर आणि एक जादा बॅटरी भावाला कळवलं. डबा चिपळूणला बघतो. बॅटरी कंपनीचीच हवी का?

निवटी
हो, ईएन-ईएल२०ए लिहिलेलीच. नंबरातला शेवटचा 'ए' बघून घ्यायला सांगा. आणि तुमच्या फेऱ्या लांबत असतील तर एक नको, दोन मागवा.