रस्त्यात चिलखती गाडी दिसली तर फोटो टाकावा का?

टेकडीवाला: पुणे-नगर रोडला शिक्रापूरच्या अलीकडे एक आठचाकी धूड दिसलं. पुढे पायलट गाडी, वर ताडपत्री आवळून बांधलेली, नंबरप्लेट लाल. बहुधा व्हॅप, म्हणजे नगरची व्हीआरडीई (डीआरडीओची लष्करी वाहनांची संशोधन संस्था) आणि टाटांनी मिळून केलेली चिलखती गाडी. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला तर निवृत्त सुभेदारकाका उखडले, "आधी डिलीट कर!" मला नाही पटलं. हीच गाडी २०१४ च्या डिफेन्स एक्स्पोत केस्ट्रेल नावाने मांडली होती. २०२५ मध्ये मोरोक्कोत तिचा कारखानाही निघाला. मग लपवायचं काय?

खडकीकर: काकांचं बरोबर आहे. एक्स्पोत काय दाखवायचं ते कंपनी ठरवते. रस्त्यावरची गाडी चाचणीतली. ताडपत्री काय हौसेने बांधतात? टरेटवर, म्हणजे वरच्या फिरत्या घुमटावर, काय बसवलंय, पोटाखाली जादा पत्रा आहे का, हे जाणकाराला एका फोटोत कळतं. त्यात तू ठिकाणही देऊन मोकळा झालास.

गिअरबॉक्स: ताडपत्रीआडचं कोणाला दिसलं, दादा? लाल पाटी म्हणजे ट्रेड सर्टिफिकेट, नोंदणीआधी गाडी रस्त्यावर काढायचा परवाना; गाडी अजून कंपनीचीच. सैन्यात गेली की पाटीवर वर तोंड केलेला बाण येतो. कल्याणी एम-४ ही दुसरी चिलखती गाडी घ्या. २०२१ मध्ये सैन्याने सुमारे १७८ कोटींची ऑर्डर दिली, आणि वजन सोळा टन, वेग ताशी १४० किमी हे सगळं कंपनीच अभिमानाने सांगते. एवढं गुपित असेल तर रात्री ट्रेलरवर घालून न्या की!

टेस्टवाला: ट्रेलरवर नेऊन चाचणी होत नाही हो. ट्रॅकवर वेग, ब्रेक, चढ सगळं मोजून होतं, पण तिथे कोणी रिक्षा आडवी घालत नाही. इतकी जड गाडी भर उन्हात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगते तेव्हा इंजिन किती तापतं, ब्रेक कुठवर साथ देतात, हे रस्त्यावरच उमगतं.

फोटोचं मला विशेष काही नाही. भीती वेगळीच आहे. चालकासमोर जाड काचेच्या लहान खिडक्या, गाडीला चिकटून चाललेलं काही त्याला दिसत नाही. टू-व्हीलरवाला एका हातात मोबाईल धरून नेमका पुढच्या चाकाशेजारी घुसतो. पायलट गाडीतला पोरगा कमरेपर्यंत बाहेर येऊन ओरडतोय, आणि याच्या कानात इअरफोन! त्या चाकाखाली आलात तर हेल्मेटही कामाचं नाही.

कॅम्पातली मावशी: १५ जानेवारी २०२५ ला आर्मी डेची परेड इथेच खडकीला झाली. त्याआधी रेसकोर्सवर मेळा भरवून जवानांनीच पोरांना रणगाडे दाखवले, आम्ही मनसोक्त फोटो काढले. तेव्हा देशाची सुरक्षा कुठे गेली होती?

खडकीकर: मावशी, तो मेळा होता. लग्नात मांडलेलं रुखवत सगळे बघतात, म्हणून कोणी कपाटाची किल्ली देत नाही. १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट वाचा.

गिअरबॉक्स: वाचलाय. त्यातल्या हेरगिरीच्या कलमाला देशाच्या सुरक्षेला बाधक असा हेतू लागतो. सोसायटीच्या ग्रुपवर तो कुठून आणणार? आणि नगर रोड प्रतिबंधित जागा कधीपासून झाला?

खडकीकर: हेतू तुझा नसेल. पुढे पाठवणाऱ्या पन्नास जणांची हमी तू घेणार का?

टेकडीवाला: बरं, ठिकाण न देता आठवडाभराने टाकला तर?

खडकीकर: तर माझी हरकत निम्मी होईल. पण आठवडाभर थांबायला तुला लाइक कोण देणार?