जॉन टॉशॅक: खेळाडू मोठा की प्रशिक्षक?

रंकाळा_१०: फुटबॉलपटू गॅरेथ बेलला वेल्सकडून पहिल्यांदा तेव्हाचा प्रशिक्षक टॉशॅकने खेळवलं, २००६ साली, त्रिनिदादविरुद्ध. पोरगं सोळा वर्षांचं! पण टॉशॅक स्वतः कसा होता? लिव्हरपूलमध्ये आघाडीवर केविन कीगनचा जोडीदार, एवढंच ऐकून आहे.

स्वान्सीकर: मी इथे वेल्समधल्या स्वान्सी शहरात बारा वर्षं राहतोय, त्यामुळे राहवत नाही. कार्डिफचा हा माणूस १९७८ मध्ये स्वान्सी क्लबमध्ये खेळाडू-प्रशिक्षक म्हणून आला, तेव्हा वय फक्त २८. क्लब इंग्लिश लीगच्या चौथ्या श्रेणीत. १९८१ मध्ये तोच क्लब पहिल्या श्रेणीत! वाटेत १९७९ ला चेस्टरफील्डविरुद्ध बढतीचा सामना बरोबरीत अडकला होता. हा स्वतः बदली म्हणून उतरला आणि डोक्याने गोल मारून सामना काढला. पहिल्या श्रेणीतल्या पहिल्याच सामन्यात लीड्सला ५-१ धुतलं. स्वान्सीचं ते व्हेच फील्ड मैदान आता नाही. तिथे लोक वाफ्यांत भाजी लावतात. मी तिथून जातो तेव्हा पाय थबकतोच.

चेंडूफळी: स्पेन विसरू नका. १९८७ ला रिअल सोसिएदादला कोपा देल रे, म्हणजे स्पेनचा चषक, जिंकून दिला. मग रिअल माद्रिदसोबत १९८९-९० ची स्पॅनिश लीग जिंकली, १०७ गोल, त्यातले ३८ एकट्या ह्युगो सांचेझचे. तरी पुढच्याच नोव्हेंबरात नारळ दिला. मला अजून राग येतो.

रंकाळा_१०: स्वान्सीकर, चेस्टरफील्डचा तो गोल कुठे बघायला मिळेल का?

स्वान्सीकर: शोधतो दादा, सापडला की टाकतो.